झाडाखालचा भुईमूग

आपल्याकडे झाडाखालची माती उघडी ठेवण्याची पद्धत आहे. रोज सकाळी खराटा फिरतो, पडलेली पानं गोळा होतात, ती जाळली जातात किंवा कचऱ्याच्या गाडीत चढतात, आणि स्वच्छ झाडलेली जमीन पाहून घरातल्यांना बरं वाटतं. त्याच जमिनीवर जूनमध्ये पहिल्या सरी आदळतात. थेंबांच्या माऱ्याने मातीचे कण सुटे होतात, बारीक कण वरच्या छिद्रांत बसतात, पापुद्रा धरतो आणि मुरायचं पाणी गढूळ होऊन गटाराकडे धावतं. एप्रिल-मेमध्ये मारा उन्हाचा असतो. भर दुपारी उघड्या मातीचा पृष्ठभाग 50 अंश सेल्सिअसच्या पुढे तापतो. गांडुळं खोल जातात आणि वरच्या थरातली झाडाची बारीक, अन्न शोषणारी मुळं सुकतात. बागेतली सगळ्यांत मोलाची वस्तू म्हणजे वरची चार बोटं माती, आणि तीच आपण वर्षभर उघड्यावर टाकतो.

या मातीला सगळ्यांत चांगलं झाकण झाडाने स्वतः टाकलेल्या पाल्याचं. तो जिथल्या तिथे राहू देता येत असेल तर त्याला हात लावू नका. हे प्रकरण वाचून कुणी पाला उचलून तिथे रोपं लावायला जाऊ नये. पण घराच्या दर्शनी भागात, सोसायटीच्या आवारात, उतारावर, जिथे पाला वाऱ्याने उडतो किंवा पाण्याबरोबर वाहून जातो, तिथे जिवंत झाकण लागतं. ते बाराही महिने हिरवं असावं, एकदा लावलं की वर्षानुवर्षं टिकावं, घोट्याच्या फार वर जाऊ नये, अर्ध्या सावलीत तग धरावा आणि कुंपण ओलांडून गावभर पसरू नये. एवढ्या सगळ्या अटींत बसणाऱ्या वनस्पती फार थोड्या.

गवताचं लॉन सावलीतच हरतं. मोठ्या झाडाखाली ते वर्षभरात विरळ होतं, मग माळी दरवर्षी नव्या लाद्या आणून बसवतो, पाणी आणि युरिया वाढवतो, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच. वेडेलिया मात्र कुठेही येतं. चकचकीत पानांचं, पिवळ्या फुलांचं हे पसरणारं रोप रस्त्यांच्या दुभाजकांवर आणि हॉटेलांच्या आवारात सर्रास दिसतं. ते मूळचं मेक्सिको ते कॅरिबियन या पट्ट्यातलं, आणि जगातल्या सर्वांत उपद्रवी 100 परक्या जातींच्या आंतरराष्ट्रीय यादीत त्याचं नाव आहे. तुटलेला तुकडा पाण्याबरोबर वाहत गेला की जिथे अडकेल तिथे रुजतो. कोकणात आणि गोव्यात वहाळांच्या काठाने ते पसरलेलं दिसतं आणि त्याखाली दुसरं काही उगवत नाही. वेडेलिया घरी लावू नये, असेल तर काढावं, आणि काढलेल्या काड्या ओढ्यात किंवा उकिरड्यावर न टाकता उन्हात कडक वाळवून मगच कंपोस्टमध्ये घालाव्यात, असं माझं स्पष्ट मत आहे. वेडेलियाचं एक देशी भावंड आहे, पिवळा माका. ते औषधी आहे. काढताना दोघांची गल्लत होऊ देऊ नका.

आता ज्याच्यासाठी हे प्रकरण लिहिलं त्याच्याकडे येतो. हा भुईमूगच आहे, पण वर्षानुवर्षं जगणारा, जमिनीला चिकटून पसरणारा आणि शेंगांसाठी न उपटायचा. शास्त्रीय नाव अरॅकिस पिंटोई. नर्सरीत ‘पिंटो पीनट’ म्हणून मागावा. पान ओळखायला सोपं, शेतातल्या भुईमुगासारखंच: देठावर चार पर्णिका, दोन-दोनच्या जोड्यांत. फूल पिवळं, करंगळीच्या नखाएवढं, सकाळी उमलतं आणि त्याच दिवशी मिटतं. रोज नवी फुलं येत राहतात, त्यामुळे पावसाळ्यात हिरव्यावर पिवळे ठिपके कधी संपत नाहीत.

ही वनस्पती फक्त ब्राझीलची. तिथल्या बाइया राज्यात 1954 मध्ये जेराल्दो पिंटो या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिचे नमुने गोळा केले. तिथून बियाणं अर्जेंटिनात गेलं, पुढे अमेरिका, मग ऑस्ट्रेलिया आणि कोलंबियातलं उष्णकटिबंधीय शेतीचं आंतरराष्ट्रीय केंद्र असा त्याचा प्रवास झाला. ऑस्ट्रेलियाने 1987 मध्ये तिचं ‘अमारिलो’ हे वाण गुरांच्या चाऱ्यासाठी प्रसारित केलं. क्रापोविकास आणि ग्रेगरी या भुईमुगाच्या दोन मोठ्या अभ्यासकांनी तिचं रीतसर शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं ते 1994 मध्ये, म्हणजे ती कुरणात रुजल्यानंतर काही वर्षांनी. चारा म्हणून आलेली ही वनस्पती मग मध्य अमेरिकेतल्या कॉफीच्या आणि केळीच्या मळ्यांत झाडांखाली पसरली आणि हवाईत लॉनची जागा घेऊ लागली. तिची सख्खी बहीण अरॅकिस रेपेन्स आणखी बुटकी असते. रोपवाटिकांत या दोघींची सरमिसळ होते, पण बागेतली काळजी दोघींची सारखीच, त्यामुळे घरच्या बागेपुरता त्याचा घोर नको.

शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्याला भुईमुगाच्या आऱ्या सांगाव्या लागत नाहीत. फूल जमिनीच्या वर फळतं, पण शेंग वर धरत नाही. फुलाच्या तळापासून एक टोकदार दांडी निघते, खाली वळते, मातीत घुसते आणि तिच्या टोकाशी, अंधारात शेंग भरते. भुईमूग फुलात आला की पिकावरून रिकामा ड्रम फिरवतात तो या आऱ्या मातीला टेकाव्यात म्हणून. पिंटोच्याही आऱ्या अशाच, पण सडपातळ आणि लांब; 25 सेंटिमीटरपर्यंत जाणाऱ्या. शेंगेत बहुधा एकच दाणा. तो काढायचा तर वरची माती खणून चाळावी लागते, म्हणून त्याचं बी महाग असतं आणि बागेत ते कुणी पेरत नाही. भुईमुगाच्या या जमिनीत शिरण्याच्या सवयीने चार्ल्स डार्विनलाही खिळवलं होतं. वनस्पतींच्या हालचालींवर 1880 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात आऱ्यांचं वळणं आणि भुईमुगाच्या पानांचं रात्री मिटणं, दोन्हींची निरीक्षणं आहेत. पिंटोची पानंही संध्याकाळी जोडीजोडीने मिटतात. दिवेलागणीनंतर वाफा विरळ झाल्यासारखा वाटला तर ते पाण्याच्या कमतरतेचं लक्षण समजू नका. सकाळी पानं पुन्हा उघडतात.

कुठे लावावा, याचं उत्तर आपल्याकडे जिल्ह्यागणिक बदलतं. ब्राझीलमधल्या त्याच्या मूळ जागा दमट, हलक्या आम्ल मातीच्या. वर्षाला 1000 मिलिमीटरहून जास्त आणि विभागून पडणारा पाऊस त्याला आवडतो, साधारण 5.4 ते 7.2 सामूच्या मातीत तो चांगला येतो आणि त्याहून आम्ल मातीतही टिकतो. कोकणातली जांभ्याची माती त्याला म्हणूनच मानवते. कोरडा काळ तो तीन-चार महिने सोसतो, पण तेव्हा पानं गाळतो, आणि मग सदाहरित म्हणून लावण्यात अर्थ उरत नाही. तेव्हा सरळ सांगतो: जिथे उन्हाळ्यात आठवड्यातून एक-दोनदा पाणी देणं शक्य आहे तिथेच हा लावा. मराठवाड्यात टँकरच्या पाण्यावर जगणाऱ्या गावात तो लावण्याचा सल्ला मी देणार नाही. तिथे पाला आणि उसाचं पाचट हेच झाकण.

सगळ्यांत योग्य जागा म्हणजे नारळ-सुपारीची बाग. कोकणातली आगरं आणि गोव्यातली कुळागरं यांना बाराही महिने शिंपणं असतंच, सावली अर्धी असते, आणि पावसाळ्यात माती वाहण्याचा धोका मोठा. हापूसच्या बागेत मात्र सांभाळून. मोहोर येण्याआधी आंब्याला ऑक्टोबरपासून पाण्याचा ताण लागतो. खालचा पिंटो हिरवा ठेवायला त्या दिवसांत पाणी दिलंत, तर झाड मोहोराऐवजी पालवी काढेल. दारात फक्त सावलीसाठी आंबा असेल तर चालेल. फळांवर नजर असेल तर आंब्याखाली पालाच राहू द्या.

काळ्या, चुनखडीच्या जमिनीत वेगळी अडचण येते. तिथे लोह मुळांना मिळत नाही, आणि शेतातल्या भुईमुगासारखी पिंटोची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस आणि 1 ग्रॅम सायट्रिक ॲसिड मिसळून संध्याकाळी फवारलं की आठवडाभरात रंग परततो. पण दर दोन महिन्यांनी फवारावं लागत असेल, तर ती जागा पिंटोची नव्हे, हे मान्य करावं.

लावणीची वेळ म्हणजे पाऊस स्थिरावल्यावरची, जूनचा शेवट ते जुलै. खरं काम मात्र त्याआधीचं. पिंटो फसतो तो बहुतेक वेळा हराळी आणि लव्हाळ्यामुळे. हराळीचे धागे आणि लव्हाळ्याच्या गाठी जमिनीत राहिल्या तर पुढची दोन वर्षं तुम्ही पिंटोच्या जाळ्यातून त्या वेचत बसाल, आणि प्रत्येक वेळी हराळीबरोबर पिंटोही उपटून येईल. म्हणून एप्रिलमध्येच वाफा टिचभर खोल खणा, गाठी आणि धागे हाताने वेचा, माती उन्हात तापू द्या, एक हलकं पाणी देऊन जे उगवेल ते पुन्हा काढा. हे दोनदा करा. इथे वाचवलेला वेळ पुढे चौपट जातो. मोठ्या झाडाखाली खणताना जाड मुळांना कुदळ लावू नका. तिथे खुरप्याने वरवर काम करा आणि दोन बोटं चाळलेलं शेणखत-मातीचं मिश्रण पसरा. त्याहून जाड थर झाडाच्या मुळांना गुदमरवतो.

काडी निवडताना फार कोवळी नको, फार जुनी लाकडासारखीही नको. 15 ते 20 सेंटिमीटर लांबीची, तीन-चार पेरं असलेली काडी घ्या, खालची पानं काढा, दोन पेरं मातीत जातील अशी तिरपी पुरा आणि माती हाताने घट्ट दाबा. पिंटो पेराशी मुळं सोडतो, म्हणून पेर मातीत जाणं महत्त्वाचं. दोन काड्यांत वीतभर अंतर ठेवा. चौरस मीटरला 20 ते 25 काड्या बसतात. पातळ लावलं तर मधल्या जागेत तण आधी पोचतं. मुळं दोन-तीन आठवड्यांत धरतात. शक्य असेल तर काही काड्या मुळांसकट आणि मुळांभोवतीच्या मातीसकट आणा. त्या मातीत पिंटोच्या गाठींतले जिवाणू असतात आणि ते नव्या जागेत आयते पोचतात.

या गाठींबद्दल बराच गैरसमज आहे. द्विदल कुळातली ही वनस्पती मुळांवरच्या गाठींतल्या जिवाणूंकडून हवेतला नत्र मिळवते, हे खरं. एखादी काडी उपटून गाठ नखाने फोडा: आत गुलाबी दिसली तर काम चालू आहे, पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही. पण तो नत्र शेजारच्या नारळाला लगेच मिळतो असं नाही. पिंटोची पानं गळतात, छाटलेला पाला कुजतो, जुनी मुळं आणि गाठी मरतात, तेव्हाच तो मातीत उतरतो. छाटणीचा पाला उचलून नेलात तर नत्रही त्याबरोबर गेला. युरिया तर घालूच नका. आयता नत्र मिळाला की गाठी आळसावतात आणि फायदा गवताचा होतो. पावसाळ्याच्या तोंडावर चाळलेलं गांडूळखत किंवा कंपोस्ट पातळ पसरवणं, स्फुरदासाठी त्यात थोडी हाडांची पूड मिसळणं, एवढं पुरतं.

पहिले तीन महिने बागवानाची परीक्षा पाहणारे असतात. पिंटो सुरुवातीला संथ वाढतो. तो आधी खाली मुळं धरतो, मग आडव्या फांद्या सोडतो, आणि तोवर वाफा ओकाबोका दिसतो. या काळात दर आठवड्याला बेणणी हवी, तीही हाताने. खुरपं फिरवलं की नुकतीच रुजलेली पेरं सुटतात. अनेक बागा इथेच सोडून दिल्या जातात, ऐन श्रावणात, जेव्हा तण सर्वांत जोरात असतं. दसऱ्यापर्यंत नेटाने वेचत राहिलात तर फांद्या एकमेकांत गुंततात, खालच्या मातीवर ऊन पोचत नाही आणि नवं तण उगवायचं जवळजवळ थांबतं. दाट लावलेला वाफा चार ते सहा महिन्यांत भरून येतो.

त्यानंतर काम हलकं होतं. उन्हात तो वीतभराच्या आत राहतो, सावलीत उजेडाच्या शोधात उंच आणि विरळ होतो, फुलंही कमी देतो. गडद सावलीत, जिथे दिवसभर उन्हाचा कवडसाही पडत नाही, तिथे लावू नये. वर्षातून दोन-तीनदा मोठ्या कात्रीने चार बोटांवर छाटला की पुन्हा दाट फुटतो. एक छाटणी पावसाळ्याच्या आरंभी, एक दिवाळीच्या सुमारास ठीक. छाटलेला पाला शेळ्या, ससे, कोंबड्या आवडीने खातात, तो प्रथिनांनी चांगलाच समृद्ध असतो. जनावरं नसतील तर तिथेच पसरा. कडेला मात्र कायम लक्ष हवं: दर दोन महिन्यांनी फावड्याने सरळ रेषेत काप घ्या, नाहीतर तो भाजीच्या वाफ्यात शिरतो. दोन-तीन वर्षं वयाच्या कलमांभोवती दोन फुटांचं आळं मोकळं ठेवा, कारण पाण्यासाठी तोही वाटेकरी आहे. त्याचं बी मातीतच धरतं, त्यामुळे तो वेडेलियासारखा दूर पोचत नाही. तरीही परकी वनस्पती ती परकीच. वहाळाच्या काठी, देवराईजवळ किंवा सड्यावर तो नेऊ नका. कासपासून रत्नागिरीपर्यंतच्या सड्यांवर पावसाळ्यात उगवणाऱ्या इवल्या देशी वनस्पतींना कुठल्याही हिरव्या गालिच्याची गरज नाही.

पिंटोवरून अधूनमधून चाललेलं चालतं, रोजची वर्दळ किंवा मुलांचं क्रिकेट चालत नाही. जिथे पाय पडणार तिथे फरश्या बसवा आणि त्यांच्या फटींत त्याला येऊ द्या.

रोग-किडी थोड्या. कोरड्या हवेत लाल कोळी येतात, पानं फिकट ठिपकेदार होतात; पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या खालून मारला की बहुधा भागतं. पावसाळ्यात शंखी गोगलगाय आली तर संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं वाफ्यात ठेवा आणि सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून गोळा करून मिठाच्या पाण्यात टाका. उंदीर मात्र दाण्यांसाठी खणतात.

उंदरांमागे सापाचा विषय येतोच, आणि तो टाळून चालणार नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात फुरसं आहे, घोणस तर राज्यभर आहे, आणि घराभोवतालची जमीन लख्ख ठेवण्याची जुनी पद्धत याच भीतीतून आली आहे. ती भीती खरी आहे. म्हणून दाराच्या, गोठ्याच्या आणि विहिरीच्या वाटेच्या दोन्ही बाजूंना चार-चार फूट जागा मोकळी किंवा फरशीची असू द्या. पिंटो छाटून बुटका ठेवा, त्याच्याजवळ विटा आणि लाकडांचे ढीग रचू नका, बेणणीला बसण्याआधी काठी फिरवा, आणि रात्री टॉर्चशिवाय त्यात पाय टाकू नका. ज्यांच्या घरी रांगती मुलं आहेत त्यांनी तो अंगणात न लावता परसाच्या पलीकडे, झाडांखाली लावावा.

ज्यांना परदेशी झाडच नको त्यांच्यासाठी आपली जलपिंपळी आहे. भाताच्या बांधांवर आणि तळ्यांच्या काठी ती आपसूक पसरलेली असते, तिची इवली पांढरी-जांभळट फुलं मधमाश्यांना आवडतात, आणि उन्हातल्या ओलसर जागी ती पिंटोच्या तोडीस तोड आहे. सावलीत मात्र ती विरळ होते. उन्हात जलपिंपळी आणि झाडाखाली पिंटो, अशी वाटणी मला सर्वांत पटते.

लावायचं ठरलं तर आधी रोपं विकत घेऊ नका. ज्यांच्याकडे पिंटो लागला आहे, ते दर पावसाळ्यात पोतंभर छाटून टाकत असतात. ओळखीच्या बागेतून, सोसायटीच्या माळीदादांकडून काड्या मागून आणा. पहिल्या वर्षी एकाच झाडाखाली, चार-पाच चौरस मीटरच लावा, म्हणजे बेणणी हाताबाहेर जाणार नाही. पुढच्या जूनमध्ये त्याच वाफ्याची छाटणी बाकीच्या बागेला पुरेल आणि उरलेल्या काड्या शेजाऱ्यांना देता येतील. देताना त्यांना हराळीचं तेवढं आवर्जून सांगा.